तीन इटालियन बंदुका, सोलापूर: दाखल नोंदवहीत नेमके काय लिहावे?

सिद्धेश्वरपेठ:

नमस्कार. सोलापुरातील एका विश्वस्त संस्थेच्या छोट्या वस्तुसंग्रहाची दाखल नोंदवही नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या नोंदवहीत "इटालियन बंदुका, तीन नग, देणगी" एवढीच ओळ असून तिच्या समोर पेन्सिलीने "मानलिखर, हबशी मुलुखातून" (म्हणजे इथिओपियाच्या बाजूने) असे कोणीतरी लिहून ठेवले आहे. देणगीदार कुटुंबाचे म्हणणे असे की, त्यांचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी या बंदुका आफ्रिकेतून आणल्या.

पहिल्या बंदुकीची लांबी सुमारे 128 सेंटीमीटर आहे. बोल्टची (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) मूठ सरळ बाहेर आलेली आहे, आणि नळीच्या मागच्या टोकाशी मुकुट, "तेर्नी" (इटलीतील शस्त्रकारखान्याचे गाव), 1917 आणि दोन अक्षरांनंतर चार आकडे कोरलेले आहेत. दुसरी जेमतेम 102 सेंटीमीटरची असून तिची मूठ खाली वळवलेली आहे. मागची नेम धरण्याची खाच वरखाली करता येत नाही. तिच्यावर 1939 आणि त्याशेजारी रोमन आकड्यांत सतरा आहे. तिसरी सर्वांत जड, सुमारे 134 सेंटीमीटर लांब. तिच्यावर "तोरे अन्नुन्झियाता" (असेच आणखी एक गाव) आणि 1882 असे वाचता येते, चापाच्या पुढे पोटाखाली मॅगझिनची पेटी आहे, पण नळीचे तोंड मात्र पहिल्या बंदुकीइतकेच बारीक दिसते. 1882 सालच्या बंदुकीला इतकी बारीक नळी कशी, हे मला उलगडत नाही. मॉडेलचे नाव आणि काळ कसा लिहावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बंदुकनोंद:

वर्णन इतके नीट दिले आहे की, छायाचित्राविना बरेच सांगता येईल. सर्वप्रथम तो "मानलिखर" शब्द मॉडेलच्या रकान्यातून काढावा. 1891 च्या इटालियन बंदुकीत सहा काडतुसांची क्लिप मॅगझिनमध्ये जशीच्या तशी बसते आणि रिकामी झाल्यावर तळाच्या भोकातून खाली पडते. ही कल्पना मानलिखर या ऑस्ट्रियन रचनाकाराच्या पद्धतीची असल्यामुळे "मानलिखर-कार्कानो" हे जोडनाव बाजारात रूढ झाले. बंदूक मात्र तोरिनो येथील शस्त्रागारातील साल्वातोरे कार्कानो यांच्या कामातून आली, आणि तिचे नाव "मॉडेल 1891" किंवा "कार्कानो 1891" असेच लिहिणे योग्य. पेन्सिलीची ओळ पुसू नका. जुनी नोंद म्हणून ती वेगळ्या रकान्यात उतरवून घ्या.

पहिली बंदूक म्हणजे याच मॉडेलची लांब पायदळी बंदूक, नळीचा आतील व्यास 6.5 मिलिमीटर. लांबी आणि सरळ मूठ या दोन गोष्टी पुरेशा आहेत. याच मॉडेलच्या आखूड आवृत्त्या ओळखताना मात्र सावध राहावे लागते, कारण 1924 नंतर कित्येक लांब बंदुका कापून आखूड केल्या गेल्या. अशा बंदुकीच्या नळीवर मूळचे जुने साल तसेच राहते आणि लांब बंदुकीची रुंद मागची नेमपट्टी आखूड नळीवर बेढब दिसते. साल पाहून मॉडेल ठरवणारा तिथे हमखास फसतो. क्रमांकांची जुळणी तपासायची तर नळी आणि दस्ता यांची तपासा. बोल्टवर बहुधा क्रमांक नसतो, म्हणून "बोल्ट मूळचा" असे लिहिण्याचा मोह टाळावा.

दुसरी 1938 च्या मॉडेलची आखूड बंदूक दिसते. रोमन सतरा हे फासिस्ट राजवटीचे वर्ष आहे. ते 1922 च्या ऑक्टोबर अखेरीपासून मोजत. सतरावे वर्ष ऑक्टोबर 1938 ते ऑक्टोबर 1939 असे चालले, म्हणजे शेजारी 1939 असेल तर ही नळी जानेवारी ते ऑक्टोबर 1939 या काळातली. हेच अठरा असते तर त्या वर्षाचे शेवटचे दोन महिने हाती आले असते. इतकी नेमकी तारीख देणाऱ्या लष्करी वस्तू फार थोड्या! मात्र तिच्या नळीचा आतील व्यास मोजल्याशिवाय लिहू नका. हे मॉडेल आधी 7.35 मिलिमीटरचे काढले होते, पण युद्धाच्या तोंडावर दोन प्रकारची काडतुसे पुरवणे परवडेना, म्हणून सैन्य पुन्हा 6.5 कडे वळले. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. नळीच्या तोंडाशी व्हर्निअर कॅलिपरने आतील उंचवट्यांमधले (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांच्या मधल्या कडांमधले) अंतर मोजा.

तिसरी बंदूक तुमच्या संग्रहातील सर्वांत मोलाची, असे माझे मत आहे. ती 1870 ची व्हेत्तेर्ली (स्विस रचनाकाराच्या नावाची बंदूक), मुळात 10.35 मिलिमीटरची आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी. 1887 पासून तिला तोफखान्यातील अधिकारी विताली यांच्या रचनेची चार काडतुसांची पेटी बसवण्यात आली. पुढे पहिल्या महायुद्धात बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा जुन्या नळीच्या आत 6.5 ची नवी नळी बसवून आणि पेटी बदलून कार्कानोची क्लिप तिच्यात चालेल अशी व्यवस्था केली. तोंडाशी निरखून पाहिल्यास दोन धातूंमधली बारीक वर्तुळाकार रेघ दिसायला हवी. दिसली तर साल 1882 एवढेच न लिहिता तिन्ही टप्पे लिहावेत: मूळ नळी, 1887 नंतरचा बदल, 1915 च्या सुमाराचा बदल. जुनी चौकट (बोल्ट आणि नळी जिच्यात बसतात तो भाग) काळ्या दारूच्या काडतुसासाठी घडवलेली होती आणि नवे काडतूस त्याहून बरेच जोरकस, म्हणून "वापरास धोकादायक" हा शेराही नोंदीत असावा.

जुळे_सोलापूर:

ओळख पटवण्याच्या उत्साहात कायद्याची बाजू मागे पडू नये. शस्त्र कायदा, 1959 मधील कलम 45 ची सवलत (म्हणजे हा कायदा लागू न होणे) शंभर वर्षे झाली म्हणून आपोआप मिळत नाही. जे शस्त्र कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त आहे आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्यालाच ती लागू होते. तुमची 1939 ची बंदूक तर चालू अवस्थेत असण्याचीच शक्यता जास्त. संस्था शहराच्या हद्दीत असेल तर पोलीस आयुक्त कार्यालयाशी, ग्रामीण भागात असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करा आणि त्या पत्राची प्रत नोंदवहीला जोडा. पूर्ण क्रमांक इथे लिहिले नाहीत, ते उत्तम केले.

अक्षरे वाचण्यासाठी तारेचा ब्रश, लिंबू किंवा पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. खोली अंधारी करून विजेरी अगदी आडवी धरली की झिजलेले कोरीवही उठून दिसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अक्रोडाच्या दस्त्याला तडे जातात, त्यामुळे पत्र्याच्या छताखालची खोली तरी टाळावी.

मोडीवाचक:

बंदुकांबद्दल वर सांगितलेच आहे. मी आजोबांच्या कथेबद्दल लिहितो. ती असंभव नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती आणि इटलीच्या वसाहती फौजांकडे जुनी हत्यारे पुष्कळ होती. व्हेत्तेर्लीचा त्या मुलुखाशी संबंध तर आणखी जुना आहे. 1 मार्च 1896 रोजी आदुआ येथे इथिओपियाच्या फौजेने इटालियनांचा पराभव केला, तेव्हा नवी 1891 ची बंदूक स्वीकारलेली असूनही इटालियन शिपायांच्या हाती व्हेत्तेर्लीच होत्या.

पण शक्य असणे आणि घडलेले असणे यांत अंतर आहे. जप्त हत्यारे सरकारजमा होत, आणि एका शिपायाने तीन बंदुका सोबत घरी आणणे मला तरी सहज पटत नाही. म्हणून "प्राप्ती" या रकान्यात "कुटुंबाच्या सांगण्यानुसार" असे शब्द घालून सांगणाऱ्याचे नाते आणि दिनांक लिहावा. खरा दुवा मिळण्याची एक वाट आहे. त्या काळी 1878 चा शस्त्र कायदा लागू होता आणि अशी बंदूक घरात ठेवायला परवाना लागे. कुटुंबाकडे जुनी कागदपत्रे असतील तर तो परवाना किंवा नूतनीकरणाची पावती शोधायला सांगा. त्यावर बंदुकीचे वर्णन आणि क्रमांक सापडला, तर कथा आणि वस्तू एकमेकींना जोडता येतील. तिन्ही एकाच वेळी आल्या का, हेही त्यावरून कळेल.

सिद्धेश्वरपेठ:

सर्वांचे आभार. आज विजेरी आडवी धरून पाहिले. तिसऱ्या बंदुकीच्या तोंडाशी वर्तुळाची रेघ स्पष्ट दिसते, आणि दुसरीचे माप 7.3 च्या किंचित वर भरते, म्हणजे ती 7.35 चीच समजावी. पोलीस आयुक्त कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा विश्वस्तांपुढे ठेवला आहे. देणगीदारांच्या घरी जुन्या कागदांची एक ट्रंक आहे असे कळले. परवाना मिळाला तर त्यावरील वर्णन, क्रमांक वगळून, इथे देतो.