डेंग्यूने ११ दिवस घरी होतो, मालकाने ११ च्या ११ दिवसांचा पगार कापला, असं करता येतं का?

सिंहगडरोडकर | ८ ऑगस्ट २०२४
नमस्कार मंडळी. पुण्यात कपड्याच्या दुकानात सेल्समन आहे, मागच्या वर्षी जुलैत लागलो, आम्ही सगळे मिळून २४ जण आहोत, पगार १६,५००. १ जुलैला ताप आला, आधी वाटलं पावसाळी ताप असेल, तिसऱ्या दिवशी टेस्ट केली तर डेंग्यू निघाला आणि प्लेटलेट ४२ हजारावर. घराजवळच्या खाजगी हॉस्पिटलात चार दिवस ॲडमिट होतो, ११ तारखेपर्यंत अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, १२ ला कामावर गेलो. काल पगार झाला तर ६,०५० रुपये कमी. मालकांना विचारलं तर म्हणाले आपल्याकडे सिक लीव्ह नसते, जेवढे दिवस काम तेवढा पगार. या वर्षात मी फक्त मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला तीन दिवस सुट्टी घेतलीय, तेव्हा पगार कापला नव्हता. सरकारचा काही नियम आहे का नाही? हॉस्पिटलचं बिल उसने घेऊन भरलंय.

एचआरवाली_नाशिक
आधी तब्येत सांभाळ भाऊ, डेंग्यूनंतर महिनाभर थकवा राहतो.
मालक म्हणतात ते अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात दुकानं-ऑफिसांसाठी २०१७ चा कायदा आहे, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, आत्ता २०२४ मध्ये १० किंवा जास्त कामगार असतील तिथे रजेचे नियम लागतात. त्यात "आजारपणाची रजा" असा वेगळा शब्द नाहीच. पण वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, ज्याला आपण सीएल म्हणतो, ती दर तिमाहीला थोडी थोडी जमा होते आणि वर्ष संपलं की संपते. म्हणजे दोन-दोन धरले तर जुलैपर्यंत तुझ्या नावावर ६ जमा, लग्नाचे ३ गेले, ३ शिल्लक. त्या तीन दिवसांचे १,६५० मागायचा तुझा हक्क आहे, सिक लीव्ह नाही म्हणून सीएल पण नाही असं होत नाही. २० दिवसांमागे १ दिवसवाली रजा मात्र जानेवारी ते डिसेंबर अशा एका वर्षात २४० दिवस काम भरल्यावर पुढच्या वर्षी मिळते, तू गेल्या वर्षी जुलैत लागलास म्हणजे ते भरलेले नाहीत.
आता मुख्य गोष्ट. पगाराच्या स्लिपवर १२४ रुपये कापलेले दिसतात का बघ.

सिंहगडरोडकर
हो ताई, १२४ कापतात दर महिन्याला, ईएसआयसी लिहिलंय. मला वाटलं पीएफसारखं काहीतरी असेल. कार्ड वगैरे कधी दिलं नाही.

एचआरवाली_नाशिक
ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, ईएसआयसी तो चालवते. मग सिक लीव्हचे पैसे तू स्वतःच भरतोयस आणि तुला कोणी सांगितलं नाही, याचंच मला वाईट वाटतं. पगार २१,००० पर्यंत असला की तुझे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के तिकडे जातात. त्यातून आजारपणात रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. तुझा रोज ५५० धरला तर ३८५ होतात. पहिल्या दोन दिवसांचं मिळत नाही, आणि ज्या दिवसाचा पगार मालकाने दिला त्या दिवसाचंही नाही, दोन्हीकडून घेता येत नाही. म्हणून पहिले तीन दिवस सीएलमध्ये टाक आणि उरलेल्या ८ दिवसांचं ईएसआयकडे माग, ३,०८० होतात. जुलै ते डिसेंबरच्या आजारासाठी आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचा हप्ता बघतात, त्यात ७८ दिवस भरलेले लागतात, तुझे भरले असणार.
अडचण एकच, सर्टिफिकेट ईएसआयच्याच दवाखान्यातल्या नाहीतर पॅनलवरच्या डॉक्टरचं लागतं, बाहेरचे कागद सरसकट चालत नाहीत. तरी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बिलं सगळं घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि लेखी अर्ज देऊन पोच घे. पुढच्या वेळी ताप आला की पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाऊन नोंद कर.

बेळगावचा_पोरगा
आमच्याकडे कर्नाटकचा दुकान कायदा आहे १९६१ चा, त्यात आजारपणासाठी १२ दिवस पगारी रजा लिहिलीच आहे. माझा मावसभाऊ कोल्हापुरात तसल्याच दुकानात आहे, त्याला वेगळं काही नाही. दोन तासांवर राज्य बदलतं आणि तापाचा नियम बदलतो, हे मला पटत नाही. महाराष्ट्राने पण वेगळी लिहायला हवी होती, सीएल लग्नाकार्यात जाते मग आजारी पडल्यावर काय करायचं माणसाने.

किराणा_कराड
मी मालकाच्या बाजूचा आहे, सात पोरं आहेत माझ्याकडे, म्हणजे दहाच्या आत, हा रजेचा नियम मला लागत नाही. तरी मागच्या वर्षी एकाला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवसांचा पूर्ण पगार दिला. कारण सांगतो, पगार कापला असता तर तो चौथ्या दिवशी डोळे पिवळे घेऊन आला असता आणि त्याच हाताने सुटं गूळ-खोबरं गिऱ्हाईकाला दिलं असतं. दोघं एकदम आजारी पडले की काऊंटर सांभाळायला जीव जातो हे खरं आहे, पण त्याचं खापर आजारी पोरावर का फोडायचं. २४ माणसं लावणाऱ्याला तीन दिवस जड नाहीत.

चिंचवडकरीण
ईएसआयला नाव ठेवतात लोक, रांगा आहेत, मान्य. पण माझ्या वडिलांना टीबी झाला होता, एमआयडीसीत फिटर होते, तेव्हा ९१ दिवस संपल्यावर मोठ्या आजारांसाठीचा वाढीव लाभ मिळाला, ८० टक्के, त्यावर आमचं घर चाललं आणि माझं बारावीचं वर्ष वाचलं. त्याला दोन वर्षांची सलग नोकरी लागते. आणि भाऊ, लाभ चालू असताना आजारपणाच्या कारणाने कामावरून काढता येत नाही, आत्ताच्या (२०२४) ईएसआय कायद्याचं कलम ७३ आहे, कोणी धमकी दिली तर हे लक्षात ठेव. सगळी कागदं झेरॉक्स करून ठेव, आमची फाईल एकदा गहाळ झाली होती.

सिंहगडरोडकर | २१ ऑगस्ट २०२४
अपडेट देतो. ताईंनी सांगितलं तसं सीएलचा अर्ज लेखी दिला, मालक दोन दिवस काही बोलले नाहीत, मग अकाउंटवाल्याला सांगून १,६५० टाकले. आयपी नंबर म्हणजे माझा ईएसआयचा विमा नंबर मालकांकडे पहिल्यापासून होता, मागितल्यावर मिळाला, ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) प्रिंट केलं. शाखा कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली, कागद त्यांच्या डॉक्टरकडे तपासायला जातील म्हणाले, बघू. दुकानातल्या बाकीच्यांनी पण स्लिपा काढून बघितल्या, सहा जणांचे कार्ड निघाले. आईचं नाव घालायला दिलंय, झालं की तिची बीपीची गोळी तिथूनच आणेन.