आई-बाबांच्या घरात कॅमेरा, स्पीकर, टीव्ही बसवायचेत पण डेटा बाहेर जायला नकोय. काय घ्यावं?

चांदणचुरा:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा दोघंच राहतात, दोघांची सत्तरी उलटलीय, आईला अधूनमधून चक्कर येते. दादाचं म्हणणं आहे की घरभर वायफाय कॅमेरे लावून टाकू, एक बोलका स्पीकर ठेवू म्हणजे हाक मारली की आपल्याला फोन लागेल, आणि टीव्ही बदलायचाच आहे तर तोही स्मार्टच घेऊ, शिवाय झाडूपोछाचा रोबो. काळजी मलाही आहे, पण आईचं आजारपण, तिचं उठणं-बसणं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडणार हे मला पटत नाहीये. दादा म्हणतो आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय. बाबा म्हणतात तुम्हाला काय करायचं ते करा. आई काहीच बोलत नाही आणि मला तेच जास्त खटकतंय. यातलं काय घ्यावं, काय टाळावं, आणि घेतलं तर सेटिंग काय ठेवावं, अनुभवी लोकांनी प्लीज सांगा. मी टेक्निकल नाही, पण वाचून करू शकते.

तारायंत्र:
घेण्याआधी विचारताय हे उत्तम. खोक्यावर काय लिहिलंय ते सोडून द्या, प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावायचा: घरातलं इंटरनेट बंद झालं तर ही चालते का? दिवा लागतो का, कॅमेरा रेकॉर्ड करतो का, सेन्सर वाजतो का? चालत असेल तर काम घरातच होतंय, बाहेर जाणारं बरंचसं थांबवता येतं. चालत नसेल तर तुमचं प्रत्येक बटण दाबणं कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतंय, आणि उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला तर वस्तू पण गेली.

दिवे, प्लग, दाराचे सेन्सर हे वायफायवाले घेण्यापेक्षा झिगबी किंवा थ्रेडवाले मॅटर घ्या, म्हणजे वायफायऐवजी वेगळ्या, कमी विजेच्या रेडिओवर बोलणारे. झिगबीच्या सेन्सरला स्वतःचा इंटरनेटचा रस्ताच नसतो, तो फक्त हबशी, म्हणजे सगळ्या वस्तू जोडणाऱ्या घरातल्या मुख्य पेटीशी बोलतो, त्यामुळे लक्ष फक्त हबवर ठेवायचं. हब म्हणून होम असिस्टंट बघा, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर आहे, छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि सगळा हिशोब घरातच ठेवतं.

निवांत:
मला वाटतं जरा जास्तच घाबरवताय. कोट्यवधी लोक वापरतायत, कंपनीतल्या कुणाला आपल्या आईबाबांचं बोलणं ऐकायला वेळ आहे. मोठ्या कंपनीचं घ्या, पासवर्ड नीट ठेवा, झालं. म्हातारपणी मदत वेळेवर पोचणं महत्त्वाचं.

बिनतारी:
@निवांत, मदत वेळेवर पोचणं महत्त्वाचं, शंभर टक्के सहमत. पण 'कुणाला वेळ आहे' याचं उत्तर रेकॉर्डवर आहे. २०१९ साली ॲमेझॉन, गूगल, ॲपल तिन्हींच्या बाबतीत बाहेर आलं की आवाज ओळखण्यात सुधारणा व्हावी म्हणून रेकॉर्डिंगचे तुकडे माणसं ऐकत होती, आणि त्यात चुकून चालू झालेल्या स्पीकरने टिपलेलं घरगुती बोलणंही होतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) रिंग कॅमेऱ्यांच्या कंपनीवर केस केली, आरोप असा की कर्मचारी आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते आणि एकाने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ बघितले. ५८ लाख डॉलरवर ते मिटलं. त्याच सुमारास मुलांची अलेक्सा रेकॉर्डिंग्ज पालकांनी सांगूनही पुसली नाहीत म्हणून ॲमेझॉनला २.५ कोटी डॉलर दंड. ही सगळी मोठीच नावं आहेत.

आणि लपवण्यासारखं काय, या प्रश्नाबद्दल. आपण बाथरूमचं दार लावतो ते काही गुन्हा लपवायला नाही. दादांना हे शांतपणे सांगा.

निवांत:
रिंगचं ते माहीत नव्हतं, वाचतो. तरी माझा मुद्दा राहतोच, की फार किचकट सिस्टिम बसवली आणि ती बिघडली तर त्या दोघांनी काय करायचं?

ओवी२:
चांदणचुरा, कॅमेरा कुठला यावर येण्याआधी मला विचारायचंय की कॅमेरा लागतोच का? तुम्हाला कळायला हवंय ते एवढंच की आई सकाळी उठली, चालती-फिरती आहे, आणि पडली तर लगेच निरोप आला पाहिजे. यातलं बहुतेक काम चित्राशिवाय होतं. फ्रिजच्या दाराला आणि बाथरूमच्या दाराला साधा चुंबकवाला सेन्सर, पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत यातलं काहीच हललं नाही किंवा बाथरूमचं दार फार वेळ बंद राहिलं तर तुमच्या फोनवर निरोप. बेडरूममध्ये हवाच तर एमएमवेव्ह रडारचा प्रेझेन्स सेन्सर (रेडिओ लहरींनी खोलीत माणूस आहे का ते ओळखणारा) मिळतो, त्याला माणूस नुसता बसलेला असला तरी कळतं, चेहरा-कपडे काही दिसत नाही. पडल्याचं ओळखणारं घड्याळ पण असतं, पण ते चार्ज करून हातात घातलं तरच उपयोगाचं, आणि बाथरूममध्ये जाताना लोक नेमकं काढून ठेवतात, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका. अर्थात तब्येतीची ही माहितीसुद्धा खासगीच असते, तीही घरातल्या हबवरच राहू द्या.

आता आईबद्दल. माझ्या सासूबाईंच्या वेळेस आम्ही हेच केलं होतं. फोन त्यांच्या हातात दिला आणि कॅमेऱ्यात नक्की काय दिसतं ते त्यांना स्वतःला बघू दिलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या खुर्ची दिसली तरी चालेल, पलंग नको. मग कॅमेरा सरकवून सरकवून पलंगाची कड सुद्धा फ्रेमबाहेर गेली तेव्हा त्या हो म्हणाल्या. वर प्लगचं बटण त्यांच्या हाताला येईल असं ठेवलं, वाटलं की बंद करायचा, का केला म्हणून आम्ही कधी विचारायचं नाही असं घरात ठरलं होतं. तुमच्या आई गप्प आहेत याचा अर्थ होकार नाही हो. दादा आणि बाबा समोर नसताना एकदा विचारा. घरात मदतीला कुणी येत असेल तर त्यांनाही कॅमेरा आहे हे तोंडाने सांगा, त्यांचंही चित्रण होतंय.

कोपरा:
ओवीताईंना प्रचंड अनुमोदन. +१

चांदणचुरा:
ओवीताई, हे मला सुचलंच नव्हतं. आईशी या आठवड्यात बोलते. तरी दाराबाहेर आणि हॉलमध्ये एकेक कॅमेरा लागेल असं वाटतंय, तर तो कसा निवडायचा? आणि निवांत म्हणतायत तो प्रश्न मलाही आहे, होम असिस्टंट बिघडलं तर बाबा काही ते दुरुस्त करणार नाहीत.

तारायंत्र:
बिघडण्याचा प्रश्न बरोबर आहे, म्हणून नियम असा की हब बंद पडला तरी भिंतीवरच्या बटणाने दिवा लागलाच पाहिजे, कुलूप किल्लीने उघडलंच पाहिजे. हब नुसता वरचा मदतनीस. आणि मदतीला बोलावण्याची एक वाट इंटरनेटशिवायची ठेवा, म्हणजे सिमकार्डवर चालणारं एसओएस बटण किंवा मोठ्या बटणांचा साधा फोन.

कॅमेरा: ऑनव्हिफ आणि आरटीएसपी हे दोन शब्द स्पेसिफिकेशनमध्ये शोधा, ते असले की कंपनीच्या ॲपशिवाय चित्र घेता येतं. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर किंवा घरातल्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा). नुसतं 'लोकल स्टोरेज' लिहिलंय म्हणून भुलू नका, २०२२ मध्ये युफीच्या कॅमेऱ्यांबद्दल एका सिक्युरिटी रिसर्चरने दाखवून दिलं की सगळं घरातच राहतं अशी जाहिरात असताना थंबनेल्स (व्हिडिओची छोटी चित्रं) क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर जात होती. म्हणून शब्दावर न जाता राउटरमध्ये जाऊन त्या कॅमेऱ्याचं इंटरनेटच ब्लॉक करायचं, बऱ्याच राउटरमध्ये पॅरेंटल कंट्रोल किंवा ॲक्सेस कंट्रोलमधून होतं. बाहेरून बघायला वायरगार्ड किंवा टेलस्केल हे व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) लावा, म्हणजे तुमचा फोन आधी घराच्या नेटवर्कमध्ये येतो आणि मग कॅमेरा बघतो. पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून कॅमेऱ्याला थेट बाहेरून वाट देणं) मात्र अजिबात करू नका, अशी वाट आपोआप उघडणारं यूपीएनपी पण बंद करा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअर) असेच उघड्यावर पडलेले, कंपनीने दिलेलेच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते.

एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही, इंटरनेट ब्लॉक केलं की कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू पुढेमागे होतं, मग रेकॉर्डिंगवर वेळ चुकीची पडते आणि गरजेच्या वेळी सापडत नाही. सेटिंगमध्ये एनटीपी सर्व्हर (घड्याळ जुळवून देणारा) म्हणून राउटरचा किंवा हबचा पत्ता द्या, जो वेळ देऊ शकत असेल तो.

बिनतारी:
हे सगळं जमणार नसेल आणि घरात आयफोन असतील तर ॲपलच्या होमकिट सिक्युअर व्हिडिओवाला कॅमेरा हा मधला मार्ग आहे. माणूस आहे की मांजर हे ओळखायचं काम घरातल्या ॲपलच्या हबवर होतं आणि क्लाउडवर जातं ते एंड टू एंड एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कंपनीलाही उघडता येत नाही असं. पैसे जास्त पडतात, पर्याय कमी. पण तुमच्या केसमध्ये मी हे दुसऱ्या नंबरवर ठेवेन.

रुईफूल:
स्पीकरबद्दल कुणी बोललं नाही. अलेक्सामध्ये काही मोजक्या मॉडेलवर आवाज क्लाउडला न पाठवता घरातल्या घरात प्रोसेस करायची सोय होती, ती २८ मार्च २०२५ पासून बंद केली. आता रेकॉर्डिंग 'सेव्ह करू नका' एवढंच सांगता येतं, पण पाठवलं जातंच, आणि ते लावलं की व्हॉइस आयडी (आवाजावरून माणूस ओळखणं) चालत नाही. घेणारच असाल तर पहिल्याच दिवशी ॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन सेव्ह न करणे निवडा, माणसांकडून रिव्ह्यू करायची परवानगी काढून टाका, आणि माइक बंद करायचं बटण आईबाबांना दाखवा. बेडरूममध्ये ठेवू नका. माझं स्पष्ट मत, नुसत्या हाकेला फोन लागावा म्हणून चोवीस तास ऐकणारा स्पीकर लागत नाही, वर तारायंत्र म्हणाले ते एसओएस बटण जास्त भरवशाचं आहे, चक्कर आल्यावर आवाज किती निघेल सांगता येत नाही.

रोबोत कॅमेरावाला नको, लायडारवाला (लेझरने अंतर मोजणारा) घ्या. आयरोबोट या रोबो बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीच्या मशीनने काढलेले घरातले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचा पण, लेबलिंग (फोटोत काय आहे ते नोंदवण्याचं काम) करणाऱ्या लोकांकडून सोशल मीडियावर गेले होते, २०२२ च्या डिसेंबरमध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने ते उघड केलं. चाचणीत भाग घेणाऱ्यांची परवानगी घेतली होती असं कंपनीचं म्हणणं, पण इतके हात फिरतील हे त्या बाईला कुठे माहीत असणार. लायडारवाल्यातही घराचा नकाशा बनतोच. काही मॉडेल्सवर व्हॅलेट्युडो (रोबो क्लाउडशिवाय चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून क्लाउड काढून टाकता येतो, पण ते किचकट काम आहे, माहितगार असेल तरच.

कोपरा:
टीव्ही विसरू नका!! सगळ्यात जास्त तोच बघतो आपल्याला. एसीआर म्हणून प्रकार असतो, स्क्रीनवर जे दिसतंय त्याचे ठसे घेऊन सर्व्हरला पाठवतो आणि तिथे जुळवून कळतं तुम्ही काय बघताय. एचडीएमआयला लॅपटॉप लावला तरी चालू राहतं, २०२४ मध्ये विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीवर हे मोजून दाखवलंय, आणि सेटिंगमधून बंद केल्यावर ते जाणं थांबतं हेही दाखवलंय, म्हणजे बंद करण्याचा खरंच उपयोग आहे. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' नावाने शोधा, एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस'. सुरुवातीला टीव्ही चार-पाच करार समोर ठेवतो तेव्हा 'सगळे मान्य' दाबू नका, एकेक उघडून जाहिराती आणि व्ह्यूइंगवाले सोडून द्या. व्हिझिओ या टीव्ही कंपनीने न सांगता १.१ कोटी टीव्हींवरून हे गोळा केलं म्हणून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरले. फक्त केबल किंवा डिश बघत असतील तर टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊच नका.

चांदणचुरा:
टीव्हीचं आजच दादाला पाठवलं, पहिल्यांदाच त्याने 'बरं, बघू' म्हटलंय. कॅमेरे दोनच, दाराबाहेर आणि हॉलमध्ये आई सांगेल तिथे, बाकी सेन्सर, स्पीकरऐवजी एसओएस बटण, असं ठरवतोय. हे सगळं गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) ठेवावं असं वाचलं, ते बरोबर का? आणि दादाकडे एक जुना वायफाय कॅमेरा पडलाय, तो शेजाऱ्यांना देऊ म्हणतोय.

तारायंत्र:
गेस्ट नेटवर्क चांगलं, पण बऱ्याच राउटरमध्ये त्यावरची डिव्हायसेस एकमेकांना दिसत नाहीत, मग हबला कॅमेरा सापडत नाही आणि माणूस वैतागून सगळं मेन नेटवर्कवर आणतो. टीव्ही आणि रोबो गेस्टवर, कॅमेरे आणि हब मेन नेटवर्कवर एकत्र, आणि कॅमेऱ्यांचं नेट ब्लॉक, असं सुरू करा. घेताना सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार हे वेबसाइटवर लिहिलंय का तेही बघा, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ते जाहीर करणं आणि सरसकट एकच सोपा पासवर्ड न देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे विकणाऱ्या कंपन्यांची तारीख सहसा सापडते.

आणि अकाउंट कुणाच्या नावावर ते आत्ताच ठरवा. आईबाबांच्या नावावर, टू फॅक्टर (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही लागणं) लावून, तुम्हाला आणि दादांना वेगवेगळा ॲक्सेस. एकच पासवर्ड घरभर वाटला की कोण कधी बघतं ते कळत नाही.

रुईफूल:
जुना कॅमेरा देताना आधी दादांच्या ॲपमधून डिव्हाइस काढून टाका, मगच रिसेटचं बटण दाबा. नुसतं रिसेट केलं तर काही कंपन्यांचे कॅमेरे जुन्या अकाउंटलाच चिकटून राहतात, शेजाऱ्यांना ते जोडता येत नाही. मेमरी कार्ड काढून घ्या, देऊ नका, कारण त्यावर पुसलेलं सुद्धा परत काढता येतं. क्लाउडवरची जुनी क्लिप्स वेगळी डिलीट करावी लागतात.

चांदणचुरा:
कार्ड आत्ताच काढायला सांगते त्याला. सगळ्यांचे मनापासून आभार.