उत्पत्ती ३ शिकवताना पोरांना ‘लाज’ कशी समजवावी?

दर्यापूरची_ताई: प्रभूमध्ये सलाम. सुटीतल्या बायबल शाळेत औंदा उत्पत्ती ३ (बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, आदाम-हव्वेनं मना केलेलं फळ खाल्लं तो) घ्यायचाय, पोरं ८ ते १४ वर्षांची. मोठी हमखास विचारतात, फळ खाल्लं तर नागडेपणाची लाज काहून वाटली? गावात काही जण तर पहिलं पाप म्हणजे नवराबायकोचा संबंध असंच सांगतात. शास्त्रात आहे का असं?

वऱ्हाडी_वाचक: नाही. ‘फलद्रूप व्हा’ हा आशीर्वाद १:२८ मध्ये (अध्याय १, वचन २८), नवराबायकोनं एकदेह होणं २:२४ मध्ये. दोन्ही पापाच्या आधी. संबंध म्हणजेच पाप, हे जुने ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांच्या नावावर खपवतात, पण एदेनात (पापाआधीच्या त्या बागेत) लेकरं झाली असती असं तेही मानत. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसानं देवाचं ऐकलं नाही, मग त्याचं शरीर त्याचं ऐकेना, लाज त्याची.

फळ्यावर क्रम लिहा: २:२५ लाज नाही, ३:६ खाल्लं, ३:७ अंजिराची पानं शिवली, ३:८ लपले, ३:१२ बायकोवर ढकललं. शिक्षा ३:१४ पासून पुढं, म्हणजे लाज त्याआधीची. मग विचारा: पानं तर नेसली होती, तरी ३:१० मध्ये आदाम ‘मी नग्न आहे’ काहून म्हणतो? यावरच तास निघतो.

मेळघाट_पायथा: ‘आपण आदामाचा गुन्हा घेऊन जन्मतो’ हे सरसकट सांगू नका ताई. कॅथलिकांत त्रेंत परिषदेनं (त्यांच्या बिशपांच्या सभेनं) १५४६ साली ठरवलं, की बाप्तिस्म्यानं दोष जातो, पापाची ओढ उरते. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा लूथर म्हणतो, ती ओढही पापच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मरणाचा वारसा मानतात, अपराधाचा नाही. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस आदाम-हव्वेला अजून वाढायची लेकरं समजतो. लहान्यांना हे लवकर कळते.

अन् बाईला शाप दिला म्हणतात, तेही चूक. शाप सर्पाला (३:१४) आणि जमिनीला (३:१७).

पळसबन: अंजिराची पानं इकडं कुठं शोधता? पळसाची घ्या. पत्रावळीसारखी काडीनं टाचा, कडा दोन बोटं एकावर एक. पोरांच्या अंगाला मात्र बांधू नका, हसाहशी होते अन् मोठ्या पोरी उठून जातात. पुठ्ठ्याच्या बाहुलीला लावा. मे महिन्याच्या उन्हात पान आकसते, काडीच्या भोकापासून चिरते. ते हातात देऊन ३:२१ वाचा, कातड्याची वस्त्रं. पास्टर इथं बहुधा बलिदान जोडतात. वचनात जनावर मारल्याचा उल्लेख नाही.

दर्यापूरची_ताई: सर्प म्हणजे सैतान, हे तरी तिथंच आहे ना?

वऱ्हाडी_वाचक: नाही. ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, प्रकटीकरण १२:९ वरून. उत्पत्तीत तो नुसता धूर्त प्राणी.