बरोबर पिन टाकूनही फोन 'चुकीचा पिन' म्हणतो (ओटीए, म्हणजे दुरून पाठवलेली सेटिंग) – मदत हवी आहे

निशिगंध_७: दोन दिवस यातच गेलेत, उद्या दुपारपर्यंत सुटायलाच हवं. आमच्या सर्व्हरवरून फोनना एपीएनची (मोबाइल इंटरनेटच्या जोडणीची) सेटिंग ओएमए सीपी (एसएमएसमधून सेटिंग पाठवायची पद्धत) मेसेजने पाठवतो. मेसेज पोचतो, फोन पिन विचारतो. कागदावरचा पिन टाकला की काही फोन निमूट सेटिंग घेतात, काही 'चुकीचा पिन' म्हणून पुन्हा विचारतात. एकेक आकडा बोट ठेवून तपासलाय. मेसेज बनवणारा प्रोग्राम सगळ्यांना एकच. कुठे बघू?

तारायंत्री: सेक (पडताळणीचा प्रकार) किती ठेवलाय? मॅक (मेसेज खरा असल्याची खूण) कशावर काढताय, एक्सएमएलच्या मजकुरावर की त्याचं डब्ल्यूबीएक्सएमएल (बायनरी रूप) झाल्यावरच्या बाइट्सवर? एवढं तरी सांगा.

निशिगंध_७: सेक १, म्हणजे यूजरपिन (वापरणाऱ्याने टाकायचा पिन). मॅक अर्थातच डब्ल्यूबीएक्सएमएलवर, एचमॅक-शा१ पद्धतीने, पिन हीच किल्ली. फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत.

कोरापाटी: ओएमए सीपी सोडा आता. आयफोन ते वाचतच नाही, मूळ अँड्रॉइडमध्येही त्याची सोय नसते. सरळ एमडीएम (फोन दुरून सांभाळणारी यंत्रणा) लावा.

तारायंत्री: ज्या फोनला मेसेज वाचताच येत नाही तो पिन कसा विचारेल? प्रश्न वेगळा आहे.

कोरापाटी: पण धोका बघा ना. २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवलं होतं की सॅमसंगचे काही फोन मॅक नसलेला मेसेजसुद्धा घेत होते. मालकाने एकदा होकार दिला की प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक जातो तो मधला सर्व्हर) बदलली!

सातपुडी: तुकडे तपासा, मोठा मेसेज अनेक एसएमएसमध्ये तुटून जातो. एसएमएसचे १४० बाइट, त्यातले १२ यूडीएचला (तुकड्याच्या सुरुवातीच्या माहितीला), उरले १२८. माझा शेवटचा तुकडा वाटेतच राहायचा.

तारायंत्री: तुकडा राहिला तर मेसेज जुळणारच नाही, पिनपर्यंत गाडी येतच नाही.

सातपुडी: बरं, मग मॅक कसा लिहिलाय? हेक्सची (सोळा-आधारी अंकांची) ४० अक्षरं आणि मागे शून्य बाइट हवा. मी कच्चे २० बाइट घातले होते, आठवडा गेला.

तारायंत्री: तसं असतं तर एकाही फोनवर चाललं नसतं.

पाऊलवाट: माझ्या जुन्या फोनवर एमएमएसची सेटिंग येत नाही, कशी मागवायची?

निशिगंध_७: पाऊलवाट, कृपया वेगळा धागा काढा. आत्ताच एक गोष्ट दिसली: काल अडलेल्या फोनने आज नवीन मेसेज पहिल्याच फटक्यात घेतला. प्रोग्राम तोच!

तारायंत्री: मग फोनना दोष नको. दर मेसेजला पिन बदलतो ना? अडलेले पिन इथे टाका.

निशिगंध_७: ०४८२, ०९१७, ००३५. चाललेले ७७१०, ३३०६, २१५४. अरे, सगळ्या अडलेल्यांत पुढे शून्य!

तारायंत्री: पिन कुठेतरी संख्या म्हणून साठवलाय. एचमॅकची किल्ली म्हणजे पिनच्या अंकांची आस्की अक्षरं (दर अंकाला एक बाइट). ०४८२ चे हेक्समध्ये ३० ३४ ३८ ३२ असे चार बाइट व्हायला हवेत, तुमचे तीनच होतायत.

निशिगंध_७: सापडलं! डेटाबेसमधला कॉलम इंटिजर (पूर्णांक) होता. कागदावर छापताना चार आकडे भरून घेतो, म्हणून तिथे शून्य दिसायचं आणि मला शंकाच आली नाही. कॉलम मजकुराचा केला, ०४८२ लगेच घेतला. तारायंत्री, मनापासून आभार.

सातपुडी: पुढे सेक ० वर गेलात तर जपून. तिथे किल्ली आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक) असते, तीही अंकांच्या जोड्या उलटवून. १५ अंकी असेल तर पहिला बाइट हेक्समध्ये ९ ने संपतो का बघा.

कोरापाटी: चार आकडी पिनच्या शक्यता १०,००० च. मेसेज कोणाच्या हाती लागला तर सगळे पिन मॅकशी ताडून बघायला वेळ लागत नाही. पिन निदान एसएमएसने तरी पाठवू नका.

निशिगंध_७: कागदावरच देतो. आठ आकडी करायचं आजच सांगतो.