डस्टर डिझेल: टायमिंग बेल्टसोबत आणखी काय काय बदलायचं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

गाडी रेनो डस्टर, २०१४ ची, १.५ डिझेल, ८५ पीएस. सेकंड हँड घेतली आहे, मीटरवर ९६ हजार. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचे कागद नाहीत, त्यामुळे टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा इंजिनातला दातेरी पट्टा) कधी बदललाय की कंपनीतून आला तोच आहे, हे सांगायला कुणी नाही. बेल्ट बदलायचा हे नक्की. अडलंय ते त्याच्यासोबत काय बदलायचं यावर.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना गाडी दाखवली. माणूस जुना, हात चांगला. त्यांचं म्हणणं, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) टाकू. वॉटर पंप (इंजिनात कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं पाणी, फिरवणारा) गळत नाही, चालू पार्ट कशाला काढायचा? शिरोलीकडच्या दुसऱ्या गॅरेजनं मात्र भली मोठी यादी दिली: वॉटर पंप, बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचे तेल अडवणारे ऑइल सील, थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारी झडप), उजवीकडचं इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार), कूलंट. दोघांच्या खर्चात जवळपास दुपटीचा फरक आहे.

वरचं प्लास्टिक कव्हर उघडल्यावर मी स्वतः पाहिलं. बेल्टला तडे नाहीत, दात शाबूत आहेत, पण पाठीवरची छापील अक्षरं पार पुसून गेलीत. बाहेरच्या बेल्टची आतली कड उसवलीय, एक दोरा लोंबतोय. क्रँक पुलीमागे तेलकट काहीतरी दिसतं. ते ताजं की जुनं, कळत नाही.

रत्नागिरीला आमचं वरचेवर जाणं असतं, आंबा घाटातून, सोबत आई-वडील आणि लहान मुलगी. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. म्हणून चुकीच्या जागी काटकसर नको आहे. पण भीतीपोटी सगळंच बदलून टाकावं इतके पैसेही हाताशी नाहीत. पंप कोरडा असतानाही बदलावा का? सील आणि माउंटिंगचं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दादा, पंप बदलाच. या इंजिनात टायमिंग बेल्टच वॉटर पंप फिरवतो, कॅम आणि डिझेलचा हाय प्रेशर पंपही त्यावरच. आज पंप कोरडा आहे हे मिस्त्रींचं बरोबर आहे, पण त्याचं बेअरिंग जुन्या बेल्टइतकंच चाललंय, आणि आता ते नव्या, ताणलेल्या बेल्टवर चालणार. उद्या बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही जाईल. नुसता गळायला लागला तरी माउंटिंग सोडवा, इंजिनाला जॅक लावा, कव्हर काढा, सगळी मजुरी पुन्हा. एकदा उतरवलेला बेल्ट परत चढवायचा नसतो, म्हणजे बेल्टही पुन्हा नवा.

त्याहून महत्त्वाचा आहे तो लोंबणारा दोरा. या इंजिनाची ही ठाऊक असलेली खोड आहे: बाहेरचा बेल्ट उसवला की त्याच्या चिंध्या क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरात शिरतात आणि टायमिंग बेल्टला दातांवरून उडवतात. तेव्हा तो बेल्ट आणि त्याचा टेन्शनर यादीत सगळ्यात वर घ्या. काम होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नका.

सील बघून ठरवा. कव्हर उघडल्यावर तिथं स्वच्छ पुसून घ्यायला सांगा, गाडी थोडी चालवा आणि परत बघा. ओलं झालं तर सील बदलायचं, कारण तेलानं बेल्टचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. कोरडं असेल तर उगाच छेडू नका. नीट बसवलं नाही तर नवं सीलही गळतं. माउंटिंग तसंही सुटणारच आहे, रबर फाटलंय का ते हातात घेऊन बघा. थर्मोस्टॅटची घाई नाही, इंजिन वेळेत गरम होत असेल आणि तापमानाचा काटा स्थिर राहत असेल तर राहू दे. कूलंट पंपासोबत निघतंच, नवीन कंपनीचंच भरा आणि हवा नीट काढून घ्या.

प्रतिसाद २

वरचं पटलं. एक भर घालतो भावा: क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्या, आणि तो हवेची गन मारून नाही, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या) आवळून मग ठरलेले अंश फिरवायचा असतो. मिस्त्रींकडे कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना आहेत का, हे आधी विचारा. पिना न लावता, नुसत्या खुणा मारून काम करतो म्हणाले तर दुसरीकडे जा, कितीही हात चांगला असू दे. बेल्ट, टेन्शनर आणि पंप असा एकत्र किट मिळतो, गेट्सचा किंवा कॉन्टिनेंटलचा. डबा तुमच्यासमोर फोडायला लावा.

धागाकर्ता

मनापासून आभार. मिस्त्रींना फोन केला. पिना आहेत, आणि बाहेरच्या बेल्टचं सांगितल्यावर तेही म्हणाले की तो आधी बदलू. पंपाला तयार झालेत. पुलीमागचं तेल पुसून बघायचं उद्या ठरलंय. जुना पंप हातात घेऊन बघायचा असेल तर त्यात नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद १

बोटानं फिरवा. खरखर लागली किंवा पुली वरखाली हलली तर बेअरिंग संपलेलं. पंपाच्या अंगावरच्या छोट्या भोकाजवळ वाळलेल्या कूलंटची खपली असेल तर पंपाचं सील आधीपासूनच पाझरत होतं. आणि नवा बेल्ट बसल्यावर पिना काढून, स्टार्टर मारायच्या आधी, इंजिन पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायला लावा. पिना परत सहज बसल्या तरच कव्हर लावायचं. त्या वेळी तुम्ही स्वतः तिथं उभे राहा.