जुन्या गाडीच्या एसीचा गॅस टिकत नाहीये, डॅशबोर्ड खोलायच्या आधी लिकेज कसं शोधायचं?

समुद्राकाठचा_चालक

नमस्कार मंडळी. गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक, रत्नागिरीत उघड्यावरच उभी असते. मागच्या मे महिन्यात गॅस भरला, पावसाळा बरा गेला पण दिवाळीपर्यंत नुसता पंखा. मार्चमध्ये परत भरला, तेव्हा भरणाऱ्याने व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा ओढून) वीस मिनिटं काटा हलत नाही हे दाखवलं, "लिकेज नाही साहेब" म्हणाला आणि अठराशे घेतले, आणि दीड महिन्यात परत गरम हवा. आता दुसऱ्या एकाने नुसतं बॉनेट उघडून बघितलं आणि सांगितलं कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आत हवा गार करते ती जाळी) गेली, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल, अकरा-बारा हजार. मशीन नाही लावलं, काही नाही. गाडीची किंमत ती काय राहिलीय आता, त्यात एवढा खर्च करायचा तर खरंच कॉइल गेलीय का हे आधी कळायला पाहिजे ना? घरच्या घरी काही बघता येतं का?

गॅरेजवाला_कोल्हापूर

भाऊ, डॅशबोर्डला हात लावू देऊ नका अजून. मी कार एसीचंच काम करतो म्हणून सांगतो, कॉइल जाते, जुन्या गाडीत बऱ्याचदा जाते पण, कारण जुन्या छोट्या गाड्यांत केबिन फिल्टरच नसायचा, धूळ आणि पाल्याचा चुरा त्या ओल्या कॉइलवर बसून ॲल्युमिनियम खातो. पण ती सगळ्यात शेवटी धरायची, कारण बाकी सगळं बाहेरून दिसतं आणि ती एकटी आत आहे.

पहिलं म्हणजे व्हॅक्यूम थांबला म्हणजे लिकेज नाही हे डोक्यातून काढा. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलणार ती फार तर १४-१५ पीएसआयने (दाबाचं माप), आणि एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) पुढं ढकलतो त्या बाजूला, आपल्याकडच्या उन्हात २०० ते २५० पीएसआय असतं आणि ते आतून बाहेर ढकलतं. बारीक छिद्र, सुकलेलं वॉशर, हे व्हॅक्यूममध्ये उलट ओढून घट्ट बसतं. व्हॅक्यूम ओल काढायला मारायचा असतो, मोठं भगदाड असेल तर तेवढं कळतं, बस.

आता घरी काय बघायचं तर तेलाचा डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, गॅस निघून गेला तरी तेल तिथंच राहतं आणि त्यावर धूळ चिकटते. दिवसाउजेडी टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट, रबरी पाइप जिथं ॲल्युमिनियमच्या टोपीत दाबलेला असतो ती जागा, कंडेन्सरचे, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या जाळीचे, खालचे कोपरे (तिथं चिखल साचतो, आणि मुंबई-गोवा रस्त्याची खडी खाल्ली असेल तर विचारूच नका), आणि कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (गिअरचा नाही, कॉम्प्रेसरच्या पुलीवरची चकती) मागं बघा. क्लचच्या रेषेत बॉनेटला किंवा आजूबाजूला तेलाचे शिंतोडे गोल उडालेले दिसले तर शाफ्ट सील (कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचं रबर) गेलं. गाडी पावसाळाभर एसी न लावता चालवली की ते सील सुकतं, म्हणून आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावायचा, थंडीत पण.

आणि गॅस भरायच्या दोन्ही नळ्यांची टोपणं काढून साबणाचं पाणी सोडा. आतली पिन गाडीच्या टायरच्या व्हॉल्व्हसारखीच असते, वीस-तीस रुपयांची वस्तू, तीच फुसफुसत असते आणि लोक कंडेन्सर बदलून बसतात. टोपण हरवलं असेल तर आधी ते घ्या. फक्त आता तुमचा गॅस जवळजवळ संपलेला असेल तर फेस येणार नाही, प्रेशरच नाही ना.

ऊन_नागपूरचं

वरच्या दादांशी सहमत. एक जोडतो, गेज दाखवून "गॅस फुल्ल आहे" म्हणणारे पण भेटतील. गाडी बंद असताना गेज जे दाखवतं ते तापमानावर असतं, आर-१३४ए (अशा गाड्यांत येतो तो गॅस) असेल तर ३० डिग्रीला ९७ पीएसआयच्या आसपास, मग आत ४५० ग्रॅम असो की दीडशे, जोवर थोडं लिक्विड शिल्लक आहे तोवर काटा तिथंच. त्यामुळे किती गेला हे बघायचं तर मशीनने काढून वजन करायचं, दुसरा उपाय नाही. बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, तेवढाच वजनकाट्यावर भरून घ्यायचा, अंदाजपंचे नाही.

हायवेला गार आणि सिग्नलला गरम असा प्रकार असेल तर मात्र गॅसच्या मागे लागू नका, आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते बघा. तुमच्या केसमध्ये भरल्यावर चालतो आणि मग हळूहळू मरतो, म्हणजे लिकेजच.

आणि कोणी प्रेशर स्विच (गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर बंद ठेवतो तो) डायरेक्ट करून कॉम्प्रेसर चालवून दाखवतो म्हणाला तर हात जोडा त्याला. गॅस नसताना तेल फिरत नाही, कॉम्प्रेसर जाम झाला की बारा हजार स्वस्त वाटतील.

मस्कतकर

इथे ओमानमध्ये एसीशिवाय गाडी म्हणजे शिक्षा, त्यामुळे सगळे सरळ यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकतात. थोडा गॅस आणि डाय भरून गाडी नेहमीसारखी काही दिवस वापरायची आणि मग अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्च मारायचा, जिथून गळतं तिथे पोपटी चमकतं. कूलंट सांडलेलं असेल तर ते पण हिरवं चमकतं बरं का, रेडिएटरच्या बाजूला डाग दिसला म्हणून उड्या मारू नका.

कॉइलसाठी युक्ती अशी की एसीचं पाणी जिथून खाली ठिबकतं त्या नळीच्या तोंडावर टॉर्च मारायचा. कॉइल गळत असेल तर डाय पाण्याबरोबर तिथे येतो. कोणाकडे गॅस डिटेक्टर असेल तर एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटं गाडी उभी ठेवायची आणि त्याच नळीशी धरायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. वरच्या व्हेंटला धरून "काही नाही" म्हणणाऱ्याला काय बोलणार.

लिकेज बंद करायच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात त्या घेऊ नका प्लीज. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलच्या तोंडाशी गॅस सोडणारी बारीक वाट) जाऊन बसलं की गेलं सगळं, आणि चांगला एसीवाला मग स्वतःचं मशीन पण लावू देत नाही.

गॅरेजवाला_कोल्हापूर

डाय चांगलाच, पण रत्नागिरीत कोणी डाय टाकणारा नाही मिळाला तर नायट्रोजन मागा. दीडशे पीएसआयच्या आसपास भरून साबण, आणि रात्रभर गेज लावून ठेवायचं. हवेच्या कॉम्प्रेसरने भरू देऊ नका, ओल जाते आत. तरीही बाहेर कुठं सापडलं नाही तर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापाशी कॉइलचे दोन पाइप सुटतात, तिथं डमी (पाइपची तोंडं बंद करणारे जॉइंट) लावून फक्त कॉइलमध्ये नायट्रोजन भरायचा. काटा पडला तर कॉइल, मग खुशाल डॅशबोर्ड खोला. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, बारा हजार मागणाऱ्याने एवढं करायलाच पाहिजे.

समुद्राकाठचा_चालक

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. तेलाचा डाग शोधला पण बॅटरीखाली नीट दिसेना. मग तिसऱ्या एकाकडे गेलो, त्याच्याकडे नायट्रोजन होता, त्याने बॅटरी आणि खालचा ट्रे काढला आणि तिथून जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाइपला साबण लावला तर फेस! पाइप ज्या क्लिपमध्ये बसतो तिचं रबर कधीच गळून गेलंय, पत्र्यावर घासून घासून बारीक छिद्र पडलंय, वर बॅटरीच्या ॲसिडचा पांढरा थर. कॉइलला पण वेगळं प्रेशर लावून बघितलं, रात्रभर काटा हलला नाही. आता प्रश्न असा की नवीन पाइप तीन हजार म्हणतोय आणि यायला आठ दिवस, आर्गॉन वेल्डिंग पाचशेत. वेल्डिंग टिकतं का?

गॅरेजवाला_कोल्हापूर

सरळ पाइपवर टिकतं, वेल्डर ॲल्युमिनियमचा सराव असलेला पाहिजे. पण पाइप काढून, आतलं तेल धुऊन, दोन्ही तोंडं उघडी ठेवून, गाडीवर जागच्या जागी नाही. ॲसिडने आजूबाजूचा पाइप पण पातळ झाला असेल तर वेल्डिंगच्या शेजारी परत फुटतो, म्हणून पांढरा थर घासून बघा, खड्डे दिसले तर नवीनच घ्या. बसवताना दोन्ही टोकांना नवीन ओ-रिंग, १३४ गॅसच्या असतात त्या, बहुतेक हिरव्या येतात, साधं काळं वॉशर नको, आणि कॉम्प्रेसरचं तेल लावून बसवायच्या. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बदला, सिस्टीम उघडी राहिलीय. व्हॅक्यूम किमान पाऊण तास, तुमच्याकडे हवेत पाणीच असतं. आणि त्या क्लिपला रबर घालायला विसरू नका, सायकलच्या ट्यूबचा तुकडा पण चालतो.

ऊन_नागपूरचं

बॅटरीचे टर्मिनल आणि ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून घ्या त्याच वेळी. बॅटरी ओव्हरचार्ज होत नाहीये ना ते पण बघा, इंजिन चालू ठेवून व्होल्टेज १४.५च्या बरंच वर जात असेल तर ॲसिड परत उडणार.