उत्तनच्या कोळीवाड्यात एक सकाळ: कुठल्या दिवशी, किती वाजता जावं?

घोडबंदरवाली: ठाण्याहून डिसेंबरात उत्तनला जायचं आहे. सोबत सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. रिसॉर्ट वगैरे नको, बोटी लागताना आणि बोंबील वाळताना बघायचे आहेत. थोडी सुकी मासळीही घेऊ. रविवार सोयीचा पडतो. किती वाजता पोहोचावं?

खाडीकाठ: वाराआधी तिथी बघा. उत्तनला बोंबील, जवळा, मांदेली येते ती मुख्यतः डोलीच्या जाळ्यात. डोल समुद्रात एका जागी बांधलेली असते, मासळी तिच्यात पाण्याच्या ओढीने शिरते. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, ओढ जोरात, म्हणून मासळीही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग. ओढ मंद, बंदरावर बोटी उभ्या आणि लोक जाळी दुरुस्त करत बसलेले. तेही बघण्यासारखं असतं, पण मासळी उतरताना बघायची तर उधाणच धरा.

वेळेसाठी जुना हिशोब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा. बोटी भरतीच्या पाण्यावर आत येतात, म्हणून पुनवेला साडेनऊ-दहापर्यंत बंदरावर असावं. मोठ्या बोटी बर्फ भरून काही दिवसांसाठी जातात, त्या कधी लागतील याचा नेम नाही.

वसईपार: हिशोब बरोबर, फक्त आपल्या किनाऱ्यावर पुनवेची भरती बऱ्याचदा बाराला टेकते. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

रविवार मात्र टाळाच. इथले बरेच कोळी ख्रिस्ती आहेत, रविवारी सकाळी मंडळी चर्चमध्ये असतात. शनिवार घ्या. घोडबंदर रोडने काशिमिरा, तिथून भाईंदर पश्चिम आणि स्टेशनबाहेरून उत्तन किंवा शेजारच्या चौक गावची बस. सासूबाईंसाठी स्टेशनजवळच सगळं आटपून घ्या, पुढे सोय मिळेलच असं नाही. चौकला धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत (मुंबईतली धारावी नव्हे). 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या जागेसाठी झुंजले. खाडीपलीकडे वसई आहे, हे मुलाला तिथे उभं राहून दाखवा, मोहीम लगेच कळते.

पोहायचा बेत ठेवू नका. खडक, चिखल आणि पाण्यात न दिसणारे दोर.

सुकटवाली: बोंबलाचं मी सांगते. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी बांबूवर ताणलेल्या दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. ना सुतळी, ना मीठ. बोंबलात पाणीच फार, ते शेपटीकडून निथळतं आणि वारा चहूबाजूंनी लागतो. डिसेंबरच्या कोरड्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. मध्येच आभाळ आलं की माल काळा पडतो, बुरशी धरते.

घेताना एक बोंबील वाकवून बघा. कडक वाळलेला टकन तुटतो. नुसता वाकला तर आत ओल आहे, घरी पंधरा दिवसांत वास मारेल. जवळा चिमूटभर वाटीत पाण्यात टाका, तळाशी वाळू बसली तर दुसरीकडे बघा. कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्या, नाहीतर बसभर वास. घरी एक कडक ऊन द्या, मगच भरा. वर्षाची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची खरेदी करायची तर मे महिन्यात या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते.

ताजे बोंबील घेतलेत तर पिशवीत सगळ्यात वर ठेवा, दाबाने त्यांचा लगदा होतो.

घोडबंदरवाली: मग पुनवेच्या जवळचा शनिवार बघते. फोटो काढले तर चालतील?

सुकटवाली: विचारून काढा. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. मासळी निवडायच्या घाईत असतील तर थांबा, तेव्हा एकेक मिनिट मोलाचं असतं. मुलाला आधीच बजावून ठेवा, जमिनीवर पसरलेलं जाळं आणि जवळा ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचं. चपलेला लागलेली वाळू त्या जवळ्यात पडली की ती निवडून काढता येत नाही, आणि भाव पडतो तो त्या बाईचा.